कडा : डोंगराची कंबर

अंधेरी पश्चिमेला इमारतींच्या दाटीत गिल्बर्ट हिल उभी आहे. सुमारे ६१ मीटर उंचीचा काळा पाषाण, माथ्यावर गावदेवी दुर्गामातेचं देऊळ. पायथ्याशी उभं राहून मान वर केली की मराठी माणूस सहज म्हणतो, ‘काय कडा आहे!’

या शब्दाचं मूळ संस्कृत ‘कटक’. दोन स्वरांमधला ट प्राकृतात मऊ होऊन ड झाला, शेवटचा क गळाला. घोटकाचा घोडा झाला तो याच वाटेनं. अमरकोश कटक म्हणजे डोंगराचा नितंब असा अर्थ देतो. त्याच घरातला ‘कट’ म्हणजे कंबरेची बाजू. आपण मूल कडेवर घेतो ती कड इथलीच. पुढे रस्त्याची कड, ताटाची कड तिच्यातूनच आली. पायथा, कूस, सोंड, माथा म्हणणाऱ्या भाषेनं डोंगराला देह मानलं आहे. कडा ही त्या देहाची कंबर.

पण कंबरेला उतार असतो आणि मराठीतला कडा तर तुटलेला, सरळसोट. अर्थ असा ताठ का झाला? मला याचं उत्तर आपल्या दगडात दिसतं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हाचे थरावर थर साचले. लाव्हा थिजताना आकसतो, त्याला उभ्या भेगा पडतात. पुढे दगड निखळतो तो या भेगांवरून, म्हणून मागे भिंत उरते. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पाहणाऱ्याच्या मनात ‘कडा’ म्हणताच उतार येणार तरी कसा? त्या भिंतीची धास्ती ‘कडेलोट’ शब्दात मुरली आहे. एके काळी ती गुन्हेगाराची शिक्षा होती. आज आपल्या सहनशक्तीचाही कडेलोट होतो.

गिल्बर्ट हिलवर त्या भेगा उघड्या दिसतात: एकमेकांना खेटून उभे दगडी खांब. भोवतालचा पुष्कळ दगड खाणींनी नेला. २००७ साली महापालिकेनं उरलेल्याला वारसा दर्जा दिला. हा कडा जपलाच पाहिजे. उपनगरातल्या मुलाला या शब्दाचा अर्थ सांगायला सह्याद्री गाठावा लागत नाही. त्याला कडेवर घ्यावं, अंधेरीला न्यावं आणि बोट वर करावं.