स्टील गिटार शिकताय? उजव्या हाताची पद्धत निवडण्याआधी हे वाचा

सुनील गांगुली किंवा व्हॅन शिपले यांनी हवाईयन गिटारवर वाजवलेल्या जुन्या हिंदी गाण्यांच्या धून तुम्ही कधी ना कधी ऐकल्या असतील. गळ्यातून निघावा तसा लांब, घसरत जाणारा तो सूर! ते वाद्य म्हणजेच स्टील गिटार. १९व्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांवर तिचा जन्म झाला आणि तिचं श्रेय सहसा जोसेफ केकुकू यांना दिलं जातं.

ही गिटार मांडीवर किंवा स्टँडवर आडवी ठेवतात. डाव्या हातात धातूचा गुळगुळीत बार असतो आणि तो तारांवरून सरकवला जातो. या बारमुळेच तिला ‘स्टील’ गिटार म्हणतात.

शिकणाऱ्यांचं सगळं लक्ष या बारकडे असतं. पण वादन स्वच्छ होणार की गढूळ, हे बऱ्याच अंशी उजवा हात ठरवतो.

उजव्या हाताला दोन कामं

साध्या गिटारवर डाव्या हाताचं बोट उचललं की सूर थांबतो. स्टील गिटारवर बार तारांवर टेकलेलाच असतो, त्यामुळे छेडलेली तार वाजतच राहते. पुढची तार छेडली की दोन्ही सूर एकमेकांत मिसळतात. बार पटकन उचलावा, तर खरखर ऐकू येते.

म्हणून तार छेडायची उजव्या हाताने आणि ती वेळेवर गप्प करायचीही उजव्याच हाताने. या गप्प करण्याला ‘ब्लॉकिंग’ म्हणतात. पद्धत निवडताना खरा प्रश्न हाच असतो की तार थांबवणार कशी?

आधी ठरवा : नख्या की उघडी बोटं?

सर्वाधिक रूढ पद्धतीत अंगठ्याला प्लॅस्टिकची नखी आणि तर्जनी व मधल्या बोटाला धातूच्या नख्या घालतात. आवाज मोठा, टोकदार आणि स्पष्ट येतो. चार सूर एकदम वाजवायचे असतील, तर काही जण अनामिकेलाही नखी घालतात. धातूची नखी बोटाच्या मांसल बाजूला येते, नखावर नाही. ती बोटाला बसेल इतपत हाताने वाकवता येते. बोट बधिर होत असेल, तर ती फार घट्ट आहे असं समजा.

उघड्या बोटांनी सूर गोल आणि मऊ येतो, शिवाय बोटाच्या स्पर्शाने तार सहज थांबते. आवाज मात्र कमी पडतो. इलेक्ट्रिक गिटारवर ॲम्प्लिफायर ती उणीव भरून काढतो, साध्या गिटारवर ती जाणवते.

पाम ब्लॉकिंग

यात करंगळीकडची तळहाताची कड तारांवर हलकेच टेकवतात. सूर हवा तेव्हा हात किंचित उचलायचा, नको तेव्हा पुन्हा टेकवायचा. एकाच वेळी अनेक तारा शांत होतात, त्यामुळे तीन-तीन सुरांचे कॉर्ड वाजवताना ही पद्धत फार सोयीची. अडचण वेगाची आहे. प्रत्येक सुराला हात वर-खाली करावा लागतो.

पिक ब्लॉकिंग

यात तळहाताऐवजी नखीच तार थांबवते. तर्जनीने एक तार छेडली आणि मधलं बोट दुसऱ्या तारेवर गेलं, की त्याच क्षणी तर्जनी आपल्या तारेवर परत टेकते. हात जागचा हलत नाही, त्यामुळे वेगवान तुकडे सुटे-सुटे ऐकू येतात. पण वेळ चुकली की धातूचा ‘टिक’ असा आवाज येतो. ती अचूकता यायला संथ लयीतला बराच रियाज लागतो.

मग निवडायचं काय?

आधी तुम्हाला कोणतं संगीत वाजवायचं आहे ते पाहा. अमेरिकन कंट्री संगीतात दहा तारांची पेडल स्टील वाजते. तिथे प्रत्येक सूर सुटा हवा असतो, म्हणून ब्लॉकिंगवर मोठी मेहनत घेतली जाते. अनेक वादक पुढे दोन्ही पद्धती मिसळतात : कॉर्डला तळहात, वेगाला नखी.

आपल्या रागसंगीताचा हिशेब वेगळा आहे. ब्रिजभूषण काबरा यांनी हे वाद्य शास्त्रीय मैफलीत आणलं. १९६७च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये संतूर आणि बासरीसोबत त्यांचीच गिटार आहे. विश्वमोहन भट्ट यांच्या मोहनवीणेत तर चिकारीच्या आणि तरफेच्या तारांचा गुंजारव हवाच असतो. सगळ्या तारा सरसकट दाबल्या, तर वाद्याचा प्राणच जाईल. तिथे फक्त नको असलेला सूर नेमका थांबवायला शिकावं लागतं.

चित्रपटगीतांच्या धून वाजवायच्या असतील, तर अंगठा आणि दोन बोटांना नख्या घालून पाम ब्लॉकिंगने सुरुवात करणं सोपं जातं. वेग वाढवावासा वाटला, की पिक ब्लॉकिंग जोडा.

घरच्या घरी चाचणी

मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर लावा. शेजारच्या दोन तारा आलटून पालटून, प्रत्येक ठोक्याला एक अशा वाजवा आणि मोबाईलवर रेकॉर्ड करा. ऐकताना दोन सूर एकदम कानावर पडले, तर ब्लॉकिंग उशिरा होतंय. सूर तुटक आणि कोरडे वाटले, तर फार लवकर. दोन्ही पद्धतींनी महिनाभर ही चाचणी करा. मनगट सरळ आणि सैल राहून ज्या पद्धतीत सूर स्वच्छ येतील, ती तुमची. हात दुखायला लागला तर मात्र थांबा, कारण ताणलेल्या हाताची सवय पुढे सोडवणं फार कठीण जातं.