गिटारवर ग्राफिटी काढायचीय? आधी कारागीर आणि पेंटरला समोरासमोर बसवा

वर्ध्याच्या कॉलेजचं गॅदरिंग असो नाहीतर पुण्याचा फेस्ट, स्टेजवर दिसणारी गिटार साधारण सारखीच असते. काळी, तांबडी किंवा लाकडी रंगाची. मग कधीतरी डोक्यात येतं, की आपल्या गिटारवर भिंतीवर असते तशी भडक ग्राफिटी काढून घ्यावी. चित्रं काढणारा मित्र स्प्रे कॅन घेऊन येतो, गच्चीवर पेपर अंथरले जातात, फोटो टाकला की लाइक्सही पडतात. आणि दोन महिन्यांनी रंगाचे पोपडे निघायला लागतात.

चूक मित्राच्या हाताची नसते. भिंत जागची हलत नाही, तिला कुणी रोज घामेजल्या हातानं धरत नाही. गिटारचं तसं नाही. म्हणूनच जगात गाजलेल्या ग्राफिटी गिटारमागे चित्रकाराइतकंच वाद्य बनवणाऱ्याचंही काम आहे.

रेल्वेच्या डब्यांवरून गिटारवर

सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे 'क्रॅशोकास्टर'. जॉन मॅटोस हा न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागातला, 1961 चा जन्म. तेरा वर्षांचा असल्यापासून तो रेल्वेच्या डब्यांवर चित्रं काढायचा. शाळेतला कॉम्प्युटर चुकून बंद पाडला म्हणून त्यानं 'क्रॅश' हे टोपणनाव घेतलं, असं सांगतात. 1980 मध्ये त्यानं ब्रॉंक्समधल्या 'फॅशन मोडा' या कलादालनात ग्राफिटी कलाकारांचं प्रदर्शन भरवलं. ज्या चित्रांमागे पोलीस लागायचे, ती आता गॅलरीत लागली.

याच क्रॅशनं फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर गिटार रंगवून एरिक क्लॅप्टनला दिली. क्लॅप्टननं ती 2001 च्या दौऱ्यात स्टेजवर वाजवली आणि गिटारचं नाव झालं. पुढे फेंडरच्या कस्टम शॉपनं क्रॅशच्या हातानं रंगवलेल्या मोजक्या गिटार काढल्या. बॉडी, नेक, पिकअप हे काम कंपनीच्या कारागिरांचं, चित्र क्रॅशचं. 2004 च्या जूनमध्ये क्लॅप्टननं आपल्या व्यसनमुक्ती केंद्रासाठी गिटारचा लिलाव केला, तेव्हा क्रॅशनं रंगवलेल्या एका गिटारला तीन लाख डॉलरहून जास्त किंमत आली.

आणि रंग निघाला तर?

त्याआधीची गोष्टही क्लॅप्टनचीच. 1967 मध्ये 'द फूल' नावाच्या डच कलाकारांच्या गटानं त्याची 1964 ची गिब्सन एसजी गिटार रंगवली. देवदूत, तारे, ज्वाळा, सगळं त्यावर आलं. पण कलाकारांनी गिटारकडे कॅनव्हास म्हणून पाहिलं. हात सरकतो त्या नेकवरही रंग चढला आणि वाजवता वाजवता तो निघायला लागला. पुढे ही गिटार टॉड रुंडग्रेन या संगीतकाराकडे गेली. त्याला ती दुरुस्त करून रंगावर संरक्षक थर चढवून घ्यावा लागला. तीच गिटार नोव्हेंबर 2023 मध्ये सुमारे 12.7 लाख डॉलरला विकली गेली. डागडुजी झाली नसती तर त्या चित्रातलं किती उरलं असतं?

रंगामुळे आवाज बदलतो का?

हे गिटार कुठली आहे त्यावर ठरतं.

इलेक्ट्रिक गिटारमध्ये स्टीलच्या तारेचं कंपन पिकअपमधलं चुंबक आणि तारेचं वेटोळं पकडतं, आवाज अॅम्प्लिफायरमधून येतो. बॉडी जाड आणि भरीव असते. त्यामुळे रंगाच्या थरानं फारसं बिघडत नाही. फेंडरनं तर 1950 च्या दशकापासून मोटारगाड्यांसाठी बनलेले रंग गिटारला वापरले.

अकूस्टिक गिटारमध्ये मात्र पुढची फळीच आवाज तयार करते. ती जेमतेम तीन मिलिमीटर जाड असते आणि हलायला मोकळी असावी लागते. तिच्यावर स्प्रेचे पाच-सहा थर चढवले की आवाज दबतो. चित्र काढायचंच असेल तर मागची बाजू किंवा कडा बऱ्या.

काम नीट कसं होतं?

आधी कारागीर तारा, पिकअप, ब्रिज काढून नेक वेगळी करतो. नेक आणि बॉडीच्या खाचेत रंग जाऊ नये म्हणून ती टेपनं झाकतो, कारण तिथे थर साचला तर नेक नीट बसत नाही. मग लाकूड घासून, छिद्रं भरून प्राइमर मारतो. त्यानंतर पेंटरची पाळी. चित्र पूर्ण वाळलं की वरून पारदर्शक कोट, घासणं आणि पॉलिश.

खरी गडबड इथेच होते. स्प्रे कॅनचा रंग आणि वरचा लॅकर एकमेकांना मानवले नाहीत, तर लॅकरमधल्या थिनरनं खालचं चित्र सुरकुततं. म्हणून कुठला रंग, कुठला कोट, मध्ये किती दिवस वाळवायचं, हे दोघांनी आधीच ठरवायचं आणि लाकडाच्या फालतू तुकड्यावर करून पाहायचं.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे ऊन. मे महिन्यात वर्ध्याचा पारा 45 च्या आसपास जातो, जुलैत हवा दमट होते. लाकूड आकसतं, फुगतं. वरचा थर कडक असेल तर त्याला केसासारख्या चिरा पडतात. त्यामुळे रंगवलेली गिटार गाडीत उन्हात ठेवू नका, थेट कूलरसमोरही नको.

मिरजेला हे आधीच माहीत आहे

वाद्य बनवणारा आणि सजवणारा यांनी एकत्र काम करणं महाराष्ट्राला नवं नाही. सांगली जिल्ह्यातल्या मिरजेत एकोणिसाव्या शतकात शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे कारागीर, तंतुवाद्यांकडे वळले. आजही तिथल्या तंबोऱ्यामागे बरेच हात असतात. भोपळा घडवणं, नक्षी, पॉलिश, जवारी लावणं. 2024 मध्ये मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं. पण ते गावाच्या नावाला मिळतं. नक्षी कुणी काढली, हे वाजवणाऱ्यालाही बहुतेक वेळा ठाऊक नसतं.

नाव कुणाचं?

कायद्यानं हा प्रश्न सोडवलाय, अर्धाच. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार पैसे देऊन चित्र काढून घेतलं आणि वेगळा करार नसेल, तर त्या चित्राचा कॉपीराइट काढून घेणाऱ्याकडे जातो. म्हणजे उद्या तुमच्या गिटारवरचं चित्र टी-शर्टवर छापायचं झालं, तर हक्क तुमचा. पण कलम 57 नुसार 'हे चित्र माझं आहे' असं सांगण्याचा कलाकाराचा हक्क तरीही राहतो.

वाद्य घडवणाऱ्या कारागिराला मात्र असं कलम सहज सापडत नाही. त्याचं नाव राहील ते आपण लिहिलं तरच. म्हणून दोघांशी आधी साध्या कागदावर ठरवा: पैसे किती, चित्र पुढे कोण वापरणार, आणि गिटारच्या मागे कुठली दोन नावं येणार. फोटो टाकताना त्या दोघांनाही टॅग करा. रंग वाळायला काही आठवडे लागतात, टॅग करायला दोन सेकंद.