फारान : एका रानाच्या नावाचा शोध

रबीउल अव्वलचा महिना लागला की आमच्या मोहल्ल्यात सीरतचे जलसे सुरू होतात. जलशात एखादा तरी वक्ता फारानचा उल्लेख करतोच. ‘फारानच्या डोंगरावरून प्रकाश फाकला, असे तौरातमध्ये लिहिले आहे, आणि फारान म्हणजे मक्का,’ असे तो ठासून सांगतो. लहानपणापासून आम्ही हे ऐकत आलो. उर्दू नातमध्ये फारानची शिखरे इतकी रुळलेली आहेत की ती नेमकी कुठे, हे विचारावे असे कधी वाटलेच नाही. माहिरुल कादरी यांनी १९४९ मध्ये कराचीहून मासिक सुरू केले, त्याचेही नाव ‘फारान’च.

प्रश्न विचारला तो आमच्या नववीच्या वर्गातल्या एका मुलीने. इतिहासाच्या तासाला ती ग्रंथालयातला जुना नकाशासंग्रह घेऊन आली. त्यात फारान सिनाई द्वीपकल्पात दाखवले होते. ‘सर, नकाशा चुकला की मौलानासाहेब?’ वर्ग हसला. आम्हीही हसलो आणि ‘उद्या सांगतो’ म्हणालो. तो उद्या उजाडायला दोन वर्षे लागली. या दोन वर्षांत जे हाती आले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आधी नाव पाहू. मूळ हिब्रू शब्द ‘पारान’. मराठी बायबलात तो तसाच आहे. अरबीत ‘प’ हा वर्ण नाही, म्हणून अरबीत आणि तिथून उर्दूत तो ‘फारान’ झाला. या नावाच्या व्युत्पत्तीवर एकमत नाही. काही अभ्यासक शोभा किंवा गौरव असा अर्थ असलेल्या हिब्रू धातूशी ते जोडतात. बायबलात या नावाला बहुतेक वेळा ‘मिदबार’ हा शब्द जोडून येतो. त्याचे भाषांतर आपण वाळवंट असे करतो, आणि डोळ्यांपुढे वाळूच्या टेकड्या येतात. पण मिदबार म्हणजे जिथे नांगर चालत नाही, शेरडेमेंढरे मात्र चरतात अशी उजाड भूमी. आपल्याकडच्या माणसाला तिच्यासाठी ‘माळरान’ हा शब्द अधिक जवळचा वाटेल.

या रानाशी आपले नाते जोडणारी कथा उत्पत्तीच्या एकविसाव्या अध्यायात आहे. हजरत हाजरा आणि बाळ इस्माईल (अ.) यांना भाकरी आणि पाण्याची पखाल देऊन घराबाहेर पाठवले जाते. बैरशेबाच्या रानात पाणी संपते. आई लेकराला झुडपाखाली ठेवून दूर जाऊन बसते, कारण त्याचे मरण तिला पाहवत नाही. मुलाचा आवाज देव ऐकतो आणि आईला विहीर दिसते. पुढे हा मुलगा तिरंदाज होतो, फारानच्या रानात राहतो आणि आई त्याला मिसर देशातली बायको करून देते. ‘इस्माईल’ या नावाचा हिब्रू अर्थच ‘देव ऐकतो’ असा आहे.

हे रान होते कुठे? बायबलातल्या इतर उल्लेखांवरून दिशा कळते. हजरत मूसा (अ.) यांचे लोक सिनाईहून निघून फारानच्या रानात उतरले. तिथून त्यांनी कनान देश हेरायला बारा माणसे पाठवली, आणि चाळीस दिवसांनी ती फारानच्या रानातल्या कादेशला परतली. हे कादेश सिनाई आणि नेगेव यांच्या सीमेवरचे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. अदोमचा राजपुत्र हदाद पळाला तो मिद्यानहून फारानला आणि फारानहून मिसरला. मिद्यान म्हणजे अरबस्तानचा वायव्य कोपरा. तिथून मिसरला जाताना सिनाई वाटेत लागते. मक्का मात्र या वाटेपासून पार दक्षिणेकडे राहते. सिनाईत आजही ‘वादी फैरान’ नावाची खजुरीची हिरवी दरी आहे. ती मक्केपासून सरळ रेषेत सुमारे हजार किलोमीटर दूर आहे. इस्लामपूर्व काळात तिथे ख्रिस्ती बिशपचे ठाणे होते. तेव्हा नकाशा काढणाऱ्याने मनाने काही रचलेले नव्हते.

मग आपल्याकडचा अर्थ आला कुठून? अनुवादाच्या तेहतिसाव्या अध्यायात एक प्राचीन काव्य आहे. देव सिनाईहून आला, सेईरहून उगवला, फारानच्या डोंगरावरून प्रकाशला, असा त्याचा आशय. मुस्लिम विद्वानांनी यात तीन पैगंबर पाहिले : सिनाई म्हणजे हजरत मूसा (अ.), सेईर म्हणजे हजरत ईसा (अ.), आणि फारान म्हणजे हजरत मुहंमद (स.). इब्ने तैमिया (मृत्यू १३२८) यांनी याची सांगड सूरह तीनशी घातली. त्या सूरहमध्ये अंजीर व ऑलिव्ह, तूरे सीनीन आणि सुरक्षित नगरी यांची शपथ आहे. आधुनिक काळात सर सय्यद अहमद खान यांनी विल्यम म्यूरच्या प्रेषितचरित्राला उत्तर म्हणून १८७० मध्ये लंडनला निबंध प्रसिद्ध केले. ते उर्दूत ‘खुत्बाते अहमदिया’ या नावाने ओळखले जातात. फारान म्हणजे हिजाज, ही बाजू त्यांनी त्यात मांडली.

या अर्थापुढे अडचणीही आहेत. सेईर हा मृत समुद्राच्या दक्षिणेकडचा अदोमचा डोंगराळ मुलूख आहे, हजरत ईसा (अ.) यांचे गाव नव्हे. शिवाय हिब्रू काव्यात एकच गोष्ट दोनतीन नावांनी सांगण्याची रीत आहे. हबक्कूकच्या ग्रंथात फारानच्या जोडीला तेमान येते, आणि तेमान म्हणजे दक्षिण.

मात्र आपल्या विद्वानांनी सगळे हवेतून आणले, असे म्हणणेही अन्यायाचे होईल. इस्लामच्या आधीच्या यहुदी भाष्यातही याच ओळीतले फारान इस्माईलच्या वंशजांशी जोडलेले आहे. देवाने धर्मशास्त्र त्यांना देऊ केले, पण त्यांनी ते घेतले नाही, असे ते भाष्य सांगते. निष्कर्ष आपल्याला पटणारा नाही, पण फारान ऐकले की इस्माईल आठवावे, हे तिथेही आहेच. उत्पत्तीच्या पंचविसाव्या अध्यायात इस्माईल (अ.) यांच्या मुलांत तेमा आणि दूमा ही नावे येतात. तैमा आणि दूमतुल जंदल ही आजच्या सौदी अरबस्तानातली ठिकाणे आहेत. म्हणजे हे घराणे सिनाईच्या रानातून अरबस्तानात पसरलेले बायबललाही ठाऊक आहे.

आम्हाला सगळ्यांत जास्त आवडला तो याकूत हमवी (मृत्यू १२२९). आपल्या भूगोलकोशात फारानची नोंद करताना तो सांगतो की हा अरबी वळण घेतलेला हिब्रू शब्द असून मक्केचे एक नाव आहे. त्याच नोंदीत, फारान आणि तूर हे मिसरचे दोन परगणे आहेत, हेही तो देतो. श्रद्धेचा अर्थ सांगताना त्याने प्रवाशाची माहिती दडवली नाही. आठशे वर्षांपूर्वीच्या मुसलमान विद्वानाला जे जमले, ते आमच्या जलशांना का जमू नये?

कुरआनात फारान हे नाव कुठेही नाही. सूरह इब्राहीममध्ये आहे ते पीक नसलेले खोरे, पवित्र घराजवळ वसवलेली संतती आणि बापाची दुआ. काबागृहाचे महत्त्व सिनाईतल्या एका नावावर कधीच अवलंबून नव्हते. मग बायबलच्या ओळीतून ती सांगते त्याहून जास्त काढून घेण्याची आपल्याला गरज काय? आपल्या ग्रंथाची ओळ दुसऱ्या कुणी अशी ओढूनताणून वापरली, तर आपण काय म्हणू?

ती मुलगी दहावीची गुणपत्रिका घ्यायला आली, तेव्हा आम्ही तिला थांबवून हे सगळे सांगितले. नकाशाने दाखवलेली जागा बायबलाच्या वर्णनाशी जुळते. मौलानासाहेबांनी सांगितला तो आपल्या परंपरेने लावलेला अर्थ. तो अर्थ म्हणून सांगावा, भूगोल म्हणून नव्हे. तिने थोडा विचार केला आणि विचारले, ‘मग बीबी हाजरा पाण्यासाठी धावल्या, ते कुठे?’

आम्ही म्हणालो, ‘बायबल सांगते बैरशेबाच्या रानात विहीर दिसली. आपली रिवायत सांगते सफा-मरवाच्या मध्ये त्या सात वेळा धावल्या आणि झमझम फुटला. जागा दोन आहेत. पण घराबाहेर पडलेल्या आईजवळचे पाणी संपले आणि अल्लाहने ऐकले, हे दोन्हीकडे आहे.’

‘हे जलशात सांगाल, सर?’ तिने विचारले. यंदाच्या रबीउल अव्वलमध्ये आम्ही बोलायला आमचे नाव दिले आहे.