ई-मेलच्या पत्त्यातील देवनागरी: अ‍ॅशबर्न परिसर ते डॉट भारत

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या लाउडन काउंटीतील अ‍ॅशबर्न ही एके काळची शेतीप्रधान वस्ती इंटरनेटच्या इतिहासात आली, ती १९९०च्या दशकात वॉशिंग्टनच्या पश्चिमेस एकवटलेल्या संगणकजाळ्यांमुळे. इक्विनिक्सने १९९९ मध्ये येथे डेटा सेंटर उघडले, तर जवळच्या हर्नडन येथे डॉट कॉमची नोंदवही सांभाळणारी नेटवर्क सोल्यूशन्स ही कंपनी होती. २००० साली तिचा ताबा घेणाऱ्या व्हेरिसाइनने त्याच वर्षी नोव्हेंबरात चिनी, जपानी व कोरियन डोमेन-नावांची प्रायोगिक नोंदणी सुरू केली. परंतु ही नावे रोमन अक्षरांत कशी बदलायची याचे मानक तोवर ठरलेले नसल्याने ती पुढे नव्या पद्धतीत रूपांतरित करावी लागली, आणि म्हणून हे पाऊल घाईचेच म्हणावे लागते.

अडचणीचे मूळ जुने होते. १९८२च्या ई-मेल मानकांनी पत्र पोहोचवण्याचा व्यवहार आणि पत्राच्या माथ्यावरील ‘प्रेषक’, ‘प्रति’, ‘विषय’ या ओळी, म्हणजेच हेडर, आस्की या १२८ चिन्हांच्या संचात बांधून टाकले होते. १९९०च्या दशकातील माइम या मानकाने विषय आणि व्यक्तीचे नाव सांकेतिक रूपात कोणत्याही लिपीत लिहिण्याची सोय केली. प्रत्यक्ष पत्ता मात्र तिच्याबाहेर राहिला. २००३ मध्ये प्युनिकोड ही पद्धत मान्य झाली, जिच्यामुळे ‘भारत’ हे नाव ‘एक्सएन’ या खुणेने सुरू होणाऱ्या रोमन अक्षरमालेत साठवले जाते आणि वाचकाला देवनागरीत दाखवता येते. ही युक्ती ‘अॅट’ चिन्हाच्या उजवीकडील डोमेनपुरतीच होती. डावीकडचे नाव कसे वाचायचे हे केवळ स्वीकारणारा सर्व्हर ठरवतो, त्यामुळे वाटेतील कोणी ते बदलू शकत नाही. डावीकडचे नाव इतर लिपीत असलेले पत्र जुन्या सर्व्हरसाठी आस्कीत उतरवण्याचे प्रयोग २००७ नंतर झाले, ते सोडून देण्यात आले, आणि २०१२च्या मानकांनी हेडरमध्ये यूटीएफ-८ ही सर्व लिपी सामावणारी युनिकोडची पद्धत थेट मान्य केली. समोरचा सर्व्हर ही क्षमता जाहीर करत नसेल, तर पत्र परत येते.

भारतात २७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरीतील ‘डॉट भारत’ची नोंदणी सुरू झाली, तिच्यात मराठीचा समावेश होता, आणि कोणती अक्षरे चालतील याचे भाषावार नियम आखण्याचे मोलाचे काम पुण्याच्या सी-डॅक या संगणक-संशोधन संस्थेने केले. मराठीला अशा नियमांची गरज किती आहे, हे ‘अ‍ॅशबर्न’ या नावातच दिसते. त्याचे पहिले अक्षर दोन प्रकारे टंकित होते: ‘अ’, एक अदृश्य जोडचिन्ह आणि चंद्र यांच्या मेळातून, किंवा २००८ साली युनिकोडमध्ये आलेल्या ‘ॲ’ या एकसंध अक्षराने. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसली, तरी संगणकासाठी ती भिन्न आहेत. डोमेन-नावांचे २००३चे मानक हे अदृश्य जोडचिन्ह वगळून टाकत असे, तर २०१०चे मानक ते केवळ हलंतानंतरच ग्राह्य धरते. त्यामुळे मराठी डोमेनमध्ये आणि ते हाताळणाऱ्या ई-मेल सॉफ्टवेअरमध्ये ‘ॲ’ हे एकसंध अक्षरच वापरले पाहिजे.