‘यी... ज्यो’ इंग्रजीत आणताना

एक घटना घडताच दुसरी घडली, हे सांगण्यासाठी चिनी (मँडरिन) भाषेत ‘यी... ज्यो’ ही जोडी वापरतात. ‘यी’ म्हणजे एक, ‘ज्यो’ म्हणजे लगेच. ‘तो पोहोचताच आपण निघू’ हे वाक्य ‘था यी ताओ, वोमन ज्यो त्सोउ’ असे होते. दोन्ही शब्द आपापल्या क्रियापदाआधी येतात आणि क्रियापदाला काळाचा प्रत्यय लागत नाही. इंग्रजी शिकणारा चिनी विद्यार्थी अडखळतो तो नेमका येथेच.

पहिली अडचण जोडीची. इंग्रजीत ‘अ‍ॅज सून अ‍ॅज’ एवढे एकच उभयान्वयी पुरते. विद्यार्थी मात्र ‘ज्यो’च्या जागी दुसऱ्या वाक्यात ‘देन’ घालतो.

दुसरी काळाची. भविष्यातील गोष्ट असली तरी ‘अ‍ॅज सून अ‍ॅज’नंतर साधा वर्तमानकाळ येतो : ‘अ‍ॅज सून अ‍ॅज ही अराइव्ह्ज, वुई विल लीव्ह’. दोन्हीकडे ‘विल’ वापरणे ही नेहमीची चूक. ‘द मोमेंट’ या प्रयोगालाही हाच नियम लागू आहे.

तिसरी अडचण शब्दक्रमाची. ‘नो सूनर’सोबत ‘दॅन’ येते, तर ‘हार्डली’ आणि ‘स्केअर्सली’सोबत ‘व्हेन’. हे शब्द वाक्यारंभी आले की साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी जाते : ‘नो सूनर हॅड ही अराइव्ह्ड दॅन वुई लेफ्ट’. हे प्रयोग बहुधा भूतकाळासाठीच असून बोलण्यापेक्षा लेखनात अधिक शोभतात. ‘ऑन हिअरिंग द न्यूज’सारखी रचना दोन्ही क्रियांचा कर्ता एकच असेल तेव्हाच वापरावी.

सर्वांत फसवी बाब अर्थाची. ‘यी... ज्यो’ सवयही सांगते. ‘कॉफी प्यायली की त्याची झोप उडते’ या वाक्यात घाई नाही, नेहमीचा अनुभव आहे. तेथे ‘व्हेनेव्हर’ किंवा ‘इफ’ योग्य ठरते. मराठीतील ‘की’ही असेच दुहेरी काम करते, त्यामुळे ही गफलत मराठी वाचकांना परकी वाटू नये.

चीनच्या ‘गाओखाओ’ या महाविद्यालय प्रवेश परीक्षेत परकीय भाषेला सर्वसाधारणपणे ७५० पैकी १५० गुण असतात आणि बहुतेक विद्यार्थी इंग्रजीच निवडतात. तेथे शब्दाला शब्द ठेवून भागत नाही. घटना एकदाच घडली की नेहमी घडते, हे आधी ठरवावे आणि मग शब्द निवडावा.