कुलंजाची कारणमीमांसा आणि हैदराबादची वैद्यकपरंपरा

हैदराबाद शहराची उभारणी १५९१ मध्ये सुरू झाली. पुढे १५९५ च्या सुमारास मुहम्मद कुली कुतुबशाहने मुसी नदीजवळ दारुश्शिफा हे रुग्णालय बांधले. तेथे युनानी उपचार होत आणि तिब्बचे शिक्षणही दिले जाई. दवाखाना कधीच उठला. वस्तीला नाव मात्र दारुश्शिफाच राहिले.

या परंपरेतील हकीम पोटदुखीकडे कसे पाहत, हे 'कुलंज' या शब्दावरून कळते. मोठ्या आतड्याच्या ग्रीक नावावरून तो अरबीत आला. कुलंज म्हणजे नुसती पोटदुखी नव्हे, आतड्यातील अडथळ्याने उठणारी तीव्र कळ होय. इब्न सीनाने या विषयावर स्वतंत्र रिसाला लिहिला. त्याच्या आधी अर्-राझीनेही लिहिला होता. कारणानुसार भेद केले गेले: वायूमुळे झालेला रीही, कफामुळे बलगमी, कोरड्या मळामुळे सुफली, सुजेमुळे वरमी आणि आतड्याला पीळ पडल्याने इल्तिवाई. उपचार त्याप्रमाणे बदलत. रीहीला जिऱ्याची जवारिश कमूनी चाले. सुजेच्या रुग्णाला उष्ण, तीव्र औषध घातक मानले जाई. मूत्रपिंडाची कळ वेगळी ओळखण्यावर तर फार भर असे, कारण खुद्द जालीनूस तेथे फसला होता. आपल्याला मुतखडा झाला आहे असे त्याला वाटले. बस्ती घेतल्यावर दुखणे आतड्याचे निघाले.

भेद माहीत असणे आणि वेळेवर पाळणे यांत मात्र अंतर असते. इब्न सीनाचा शिष्य जूझजानी याने गुरूच्या अखेरच्या आजाराची हकीकत लिहून ठेवली आहे. इब्न सीनाला कुलंज झाला. लष्कराबरोबर कूच करावे लागेल या धास्तीने त्याने एका दिवसात आठ वेळा बस्ती घेतली आणि आतड्याला जखमा झाल्या. वायू मोडण्यासाठी बस्तीत दोन दानक अजमोद्याचे बी घालण्यास त्याने सांगितले. उपचार करणाऱ्याने पाच दिरहम, म्हणजे पंधरापट घातले. चुकून की मुद्दाम, हे जूझजानीलाही ठरवता आले नाही. पुढे १०३७ मध्ये हमदानला इब्न सीनाचा अंत झाला.

हैदराबादेत १८४६ मध्ये पाश्चात्त्य वैद्यकाची शाळा निघाली आणि तीही सुरुवातीला उर्दूतून शिकवीत असे. एकाच शहरात, एकाच भाषेत दोन वैद्यके नांदू लागली, ही गोष्ट आपल्या शिक्षणाच्या इतिहासात पुरेशी नोंदली गेलेली नाही. मराठवाड्याचे पाच जिल्हे १९५६ पर्यंत याच राज्यात होते. अफजलगंजचे रुग्णालय १९०८ च्या मुसीच्या पुरात गेले आणि त्याच भागात पुढे उस्मानिया रुग्णालय उभे राहिले. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या काळातच चारमिनारजवळ युनानी रुग्णालयाची भव्य इमारतही झाली. निजामिया तिब्बी महाविद्यालय तेथेच आहे.

जुन्या वर्गीकरणाची मर्यादा शस्त्रक्रियेने उघड केली. १८८६ मध्ये बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी उजव्या कुशीतील घातक सुजेचे मूळ अपेंडिक्समध्ये आहे, हे दाखवले. असे काही रुग्ण पूर्वी वरमी कुलंजात मोडत असावेत. लेप आणि पथ्याने ते वाचणे कठीणच होते.

अफूसारख्या बधिर करणाऱ्या औषधांविषयी मात्र दोन्ही वैद्यके दीर्घकाळ एकाच मताची होती. वेदनेने जीव जाण्याची वेळ आल्याशिवाय ती देऊ नयेत, कारण कळ दबते आणि मूळ रोग तसाच राहतो, असा इब्न सीनाचा इशारा होता. इंग्रज शल्यविशारद झॅकरी कोप यांनीही १९२१ च्या आपल्या ग्रंथात निदानापूर्वी मॉर्फिन देण्याविरुद्ध बजावले. हा दंडक आता सैल झाला आहे. तपासणी आणि सोनोग्राफीसारखी साधने हाताशी असताना आधी वेदना शमवल्याने निदान चुकत नाही, असे अलीकडच्या चाचण्यांत दिसून आले. कारण शोधेपर्यंत रुग्णाला तळमळत ठेवण्याची गरज त्यामुळे उरलेली नाही.