जुन्या मोटारीच्या शिरा

रावळगावची गोळी चघळताना मोटारगाडीची आठवण कोणाला होईल? परंतु आमच्या लासलगावाप्रमाणेच नाशिक जिल्ह्यात असलेल्या त्या रावळगावी ज्यांनी माळरानावर ऊस उभा केला, त्याच वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स कंपनी काढली. 1947 पासून तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. आधी डॉज व प्लिमथ, मग फियाट 1100, 1964 ची डिलाइट आणि 1974 पासून तिचेच नवे नाव पद्मिनी, अशी ही वंशवेल आहे. 30 ऑक्टोबर 2023 नंतर मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सीही गेली. आता वडिलांची किंवा आजोबांची गाडी पडवीतून काढून पुन्हा उभी करण्याची हौस तेवढी उरली आहे.

हौस चांगलीच; पण ती बहुधा रंगापाशी आणि चकचकीत पट्ट्यांपाशी थांबते. आतल्या वायरीकडे कोणाचे लक्ष जात नाही, आणि धोका असतो तो तेथेच.

आरंभीच्या मोटारीत वीज होती ती केवळ ठिणगीपुरती. दिवे वायूचे, आणि इंजिन सुरू करायचे तर हँडल मारावे लागे. ते उलटे फिरले की मनगट मोडे. 1912 च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर आला आणि हे संकट टळले. परंतु त्याबरोबर बॅटरी व डायनॅमो आले, आणि पाहुणी म्हणून आलेली वीज गाडीची गृहिणी होऊन बसली.

1947 च्या डॉजची बॅटरी 6 व्होल्टची. 45 वॉटच्या दोन दिव्यांना 12 व्होल्टवर साडेसात अँपियर प्रवाह पुरतो. 6 व्होल्टवर तोच 15 लागतो. प्रवाह दुप्पट झाला की त्याच वायरीतील उष्णता चौपट होते. शिवाय मोटारीत परतीची वायर बहुतेक ठिकाणी नसतेच. लोखंडी सांगाडाच ते काम करतो. त्यामुळे पत्र्याच्या धारेवर घासून वायर कोठेही उघडी पडली की बॅटरीतून शेकडो अँपियर धावतात. वायर लालबुंद होते, आणि पेट्रोलची नळी काही फार दूर नसते. त्या काळच्या वायरीवर रबर व वर सुताची वीण असे. इतक्या वर्षांनी ते रबर बोटाने दाबताच भुगा होते. फ्यूजही त्या गाड्यांत मोजकेच.

म्हणून वायरिंग मुळापासून नवे करावे. प्रत्येक फाट्याला स्वतंत्र फ्यूज हवा आणि मुख्य फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. फ्यूज निवडावा तो वायर किती प्रवाह सोसते हे पाहून. जळला म्हणून चांदीचा कागद गुंडाळणे म्हणजे पहारेकऱ्याला अफू देणे. मात्र सैल जोडाची उष्णता फ्यूजला कळत नाही, कारण तेथे प्रवाह वाढत नाही. यासाठी पीळ देऊन चिकटपट्टी लावण्याऐवजी जोड पक्का करावा, आणि पत्र्यातून वायर नेताना भोकात रबराची कडी बसवावी. दिव्यांना रिले द्यावा, बॅटरी तोडणारा खटका ठेवावा. काम करताना सांगाड्याला जोडलेली तार आधी सोडावी, म्हणजे पाना घसरला तरी ठिणगी पडत नाही.

यावर हौशी माणूस म्हणेल, “मग गाडी अस्सल कशी राहिली?” 2021 च्या केंद्रीय नियमांनी 50 वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळे स्थान दिले. त्यात मोठा बदल नको म्हणून चासी, बॉडी व इंजिन यांचा मुद्दाम उल्लेख आहे. सुताच्या विणीची नवी वायर घेतली, रिले डॅशबोर्डच्या मागे बसवले, तर पाहणाऱ्याला जुनेच रूप दिसेल. आपण जुना वाडा दुरुस्त करतो तेव्हा कोरीव खांब राखतो, पण वाळवी लागलेली तुळई अस्सल म्हणून डोक्यावर ठेवत नाही.

आजोबांच्या गाडीत लग्नाच्या वरातीला नातवंडे दाटीवाटीने बसतात. हॉर्न वाजवायला हट्ट धरतात, दिवे लावून पाहतात. त्या प्रत्येक बटणामागे कोठली वायर आहे, हे त्यांना ठाऊक नसते. ते ठाऊक असणे हे गाडी उभी करणाऱ्याचे काम आहे.